कुंभारणीचं घर

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत नवऱ्याची बदली झाली आणि मी मातीकाम शिकायला लागले. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आम्ही सगळ्या त्यांना बीजी, म्हणजे पंजाबीत आई, म्हणायचो. जवळच्या मुल्लानपूरला त्यांच्या घराभोवती इमारती उठत होत्या, तरी बीजींनी आपला मळा विकला नव्हता. आमची माती त्या मळ्यातलीच.

त्या वर्षी बीजींनी दसऱ्यानंतर आमचं प्रदर्शन ठरवलं. विषय, या शहरातली झाडं. मी सावरीचं उकललेलं बोंड करायला घेतलं, चांगलं हातभर लांब. तीन तडकली, चौथं टिकलं. ते क्वार्टरच्या व्हरांड्यात वाळत ठेवून आठवडाभर साताऱ्याला जाऊन आले.

येऊन बघते तर बोंडाच्या फटीत चिखलाची दोन इवलीशी मडकी! तिसऱ्याचं काम चालू होतं. बारीक कमरेची एक माशी तोंडात चिखलाची गोळी धरून यायची, गोल फिरत काठ चढवायची आणि परत बागेतल्या नळाकडे जायची.

"आई, ये क्या है?" आठ वर्षांच्या लेकीनं विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत.

"कुंभारीण. नावच आहे तिचं. आत अंडं घालते, पिल्लासाठी अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते."

"तो ये भट्टी में नहीं जाएगा. पक्का?"

भट्टी दोन दिवसांवर आली होती. नवरा म्हणाला, "खरवडून काढ की." मी चाकू घेऊन बसलेही. पण त्या मडक्याचा काठ असा सुबक वळवलेला, की सहा महिने चाकावर बसून मला तसा एकदाही जमला नव्हता. हातच होईना.

बीजी रागावतील असं वाटलं होतं. फोन केल्यावर त्या स्वतःच आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि खदखदून हसल्या. "इसका हाथ तो मेरे से भी अच्छा है! कच्चा ही रखेंगे, बेटा."

तीन आठवड्यांनी प्रदर्शनात निळ्या-हिरव्या चकचकीत भांड्यांमध्ये माझं मातकट बोंड अगदीच गरीब दिसत होतं. पहिल्या दिवशी मला जरा वाईटच वाटलं. लेकीनं मात्र पुठ्ठ्याची पाटी लावली, 'हाथ मत लगाना, बेबी सो रहा है', आणि राखण करत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती किंचाळली. एका मडक्याला भोक पडलं होतं आणि त्यातून मिशा हलत होत्या. बघता बघता सगळा हॉल भोवती गोळा झाला. माशी हळूहळू बाहेर आली, पाय झाडले, मिशा पुसल्या. कुणीतरी धावत जाऊन खिडकी उघडली. ती भुर्र उडाली तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बीजींनी लगेच समोरच्या दुकानातून गरम जिलेब्या मागवल्या. संध्याकाळपर्यंत जो येईल त्याला मी पाकानं चिकट झालेल्या हातांनी कुंभारणीची ती रिकामी खोली दाखवत होते.