लाभार्थी समक्ष हजर

आमच्या गल्लीत लाईटबिल भरायला कचेरीत कुणी जात नसे. सगळे जात ते इस्त्रीवाल्या वहिनींच्या खिडकीशी. खिडकीच्या आत लोखंडी खाटेवर, तीन उशांच्या उताराला टेकून, वहिनींची मुलगी पडलेली असायची. वय चोवीस. जन्मापासून हातापायांत जोर नाही. डावा हात छातीशी मुडपलेला, आणि उजव्याचा एक अंगठा तेवढा तिच्या ताब्यात. मोबाईल लाकडी फळीवर रबराने बांधलेला असे, आणि त्या एका अंगठ्यावर तिने तीस-चाळीस घरांचा कारभार पेलला होता. लाईट, पाणी, गॅस, रिचार्ज. लोक रोख पैसे वहिनींच्या हातात ठेवत, ही आपल्या ॲपवरून बिल भरत असे, आणि वहिनी आठवड्याने ती रोकड बँकेत टाकून येत. गल्लीने तिचं नावच बिलताई पाडलं होतं.

पैसे घ्यायची नाही. पण फुकटही नाही. "बाहेरची एक बातमी द्यायची," ती म्हणायची, "आणि शिळी चालणार नाही." त्यामुळे कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या दुकानाला कुलूप लागलं, हे गल्लीत सर्वांत आधी तिला कळायचं, जिने गल्लीचं टोकसुद्धा कधी धड पाहिलं नव्हतं. मी टेम्पो चालवतो, दिवसभर गावभर फिरतो, म्हणून माझ्यावर तिचा विशेष लोभ. "काका, तुमच्याकडे घाऊक माल असतो," म्हणायची.

वहिनींचा नवरा मुलगी सहा वर्षांची असताना कामाला म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून पुढच्या खोलीत टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट आणि इस्त्री. बाईने अठरा वर्षं मान वर केली नाही. मुलीला अठरा पूर्ण झाली तेव्हा सरकारचं अपंगांचं अनुदान तिच्या स्वतःच्या खात्यात यायला लागलं. पहिल्याच महिन्यात तिने घरचं लाईटबिल भरलं आणि आईला हाक मारून म्हणाली, "आई, आजपासून लाईट माझी. हवी तेवढी इस्त्री फिरव."

वहिनी हे मला सांगताना हसतही होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. "भाऊजी, आमच्या घरचा कर्ता झोपून कमावतो," म्हणाल्या.

सहा वर्षं असं सुरळीत चाललं. मग एका महिन्यात अनुदान आलंच नाही. फोनवर नुसता एक संदेश आला: पडताळणी न झाल्याने लाभ स्थगित. पोरीने तो वाचला आणि गिळून टाकला. आईला अवाक्षर सांगितलं नाही. वहिनींचा खांदा दुखायचा म्हणून हलकी, वाफेची इस्त्री घ्यायला तिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. तीन महिने तिने त्यातून बिलं भरली. चौथ्या महिन्याला खडखडाट. लोकांची रोकड खात्यात होती, पण परक्याच्या पैशाला तिने अंगठा लावला नाही.

सकाळी दहाचा सुमार होता. वहिनी कुणाच्या तरी सुटावर इस्त्री फिरवत होत्या आणि इस्त्री थंड पडत गेली. त्यांना वाटलं फ्यूज उडाला. बाहेर येऊन पाहतात तर शेजारच्यांचा पंखा गरगर फिरतोय. मी टेम्पो पुसत होतो. मीटरवाल्याला फोन लावून दिला तर तो म्हणाला, बिल थकलंय, जोडणी तोडलीय.

त्या आत गेल्या. मग जे ऐकू आलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. "चाळीस घरांची बिलं भरतेस आणि आपल्याच घरात अंधार? तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या? एवढं एक काम होतं तुझ्याकडे, एवढं एक!"

दिवसभर खिडकी बंद राहिली. वहिनींनी माझ्याकडून पैसे घेऊन बिल भरलं आणि लाईट आली, पण त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी अनुदानाच्या कचेरीत गेल्या. कारकून तरुण होता, वागायला वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे नियमाचा कागद होता. "लाभार्थी समक्ष हजर पाहिजे," तो म्हणाला.

"ती उठत नाही हो, साहेब. म्हणून तर तुम्ही पैसे देता."

"मग घरभेटीचा अर्ज करा. पुढे तीनशे अर्ज आहेत. सहा-सात महिने धरा."

वहिनींनी अर्ज दिला आणि घरी येऊन सांगितलं की वाट पाहू. पोरगी म्हणाली, "मला न्या." वहिनींनी साफ नकार दिला. मुलीची छाती आधीच नाजूक, धूळ आणि गर्दी तिला झेपायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा पोरगी छताकडे बघत म्हणाली, "एवढं एक काम आहे ना माझ्याकडे? मग ते तरी करू दे."

वहिनी माझ्याकडे आल्या आणि उद्या गाडी मोकळी आहे का विचारलं.

टेम्पो माझाच होता. मागे गादी अंथरली, बाजूंना इस्त्रीच्या कपड्यांची गाठोडी लावली आणि तिला निजवलं. सांगायला हवं, ती त्या दिवशी फार खुशीत होती. तीन ठिकाणी मला गाडी थांबवायला लावली. "हेच का ते कुलूप लागलेलं दुकान? मला वाटलं केवढं तरी असेल!" वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्याही तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं.

कचेरी पहिल्या मजल्यावर. लिफ्ट बंद. अंगठा घ्यायचं यंत्र वायरीला जोडलेलं, ते खाली येणार नाही, म्हणाले. मग मी आणि रांगेतल्या तिघांनी गोधडीची चार टोकं धरून तिला वर नेलं. नंबर यायला सात तास लागले. सात तास ती त्या बोळात जमिनीवर पडून होती, आणि तिच्या उशाजवळून माणसांचे पाय जात होते. दुपारपासून ती खोकायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, परत जाऊ." पोरीने मान हलवली, नाही.

नंबर आला तेव्हा यंत्र तिचा अंगठा घेईना. पाच वेळा, सहा वेळा. सहा वर्षं फोनच्या काचेवर घासून त्यावरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. मग चेहरा. तिची मान एका बाजूला कलंडायची, वहिनी शेजारी वाकून हनुवटी धरायच्या, की यंत्र म्हणायचं, एकच चेहरा ठेवा. शेवटी वहिनी तिच्या पाठीमागे खाली बसल्या, पूर्ण लपल्या, आणि टॉवेलाच्या पट्टीने तिचं कपाळ मागून धरून ठेवलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झालं," कारकून म्हणाला. "हयात असल्याची नोंद झाली."

"ऐकलंस ना, आई?" पोरगी म्हणाली. "आता सरकारलाही मान्य आहे." सगळी रांग हसली.

येताना तिने एकदाही गाडी थांबवायला लावली नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला, सहाव्या दिवशी धाप लागली. मीच दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं म्हणाले. चार दिवस काचेच्या खोलीत ठेवलं, नळ्या लावल्या. तोंडावर मास्क असताना ती उजवा अंगठा हलवून काहीतरी सांगत होती. वहिनींना वाटलं पाणी मागतेय. मी फोन धरला तर अंगठा त्याच्याकडे वळला. कसंबसं एकेक अक्षर लावून तिने लिहिलं: पाणीबिल उद्या शेवटची तारीख. ते आमच्या समोरच्या म्हातारबांचं बिल होतं. मी म्हटलं, "भरतो मी, तू झोप." दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

पंधरा दिवसांनी वहिनींनी मला हाक मारली. फळीवरचा फोन वाजला होता आणि त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं: थकीत अनुदान पाच महिन्यांचं, एकरकमी जमा. वहिनी फोनकडे बघत राहिल्या. दवाखान्याचं निम्मं बिल अजून अंगावर होतं, रोज तगादा येत होता.

आम्ही मृत्यूचा दाखला घेऊन पुन्हा त्याच कचेरीत गेलो. तोच कारकून. त्याने दाखला वाचला, तारीख दोनदा पाहिली आणि उभाच राहिला. "बाई, मी..." एवढंच म्हणाला. त्याने स्वतः आमच्याबरोबर खाली येऊन बँकेची कागदपत्रं लिहून दिली. जाण्याच्या तारखेपर्यंतचे पैसे वारसाला मिळतात, उरलेले सरकारला परत. वहिनींनी ते पैसे काढले आणि तसेच दवाखान्याच्या खिडकीवर नेऊन मोजले. पावती हातात आली तेव्हा म्हणाल्या, "हेही तिनेच भरलं."

आता गल्लीतली बिलं कुणाचा भाचा, कुणाची सून भरते. वहिनी मात्र दर महिन्याला चालत लाईटबिलाच्या कचेरीत जातात आणि रोखीच्या रांगेत उभ्या राहतात. मी कितीदा म्हटलं, दोन मिनिटांचं काम, मी करतो. ऐकत नाहीत.

परवा कपडे द्यायला गेलो होतो. वहिनी शर्टाच्या बाहीला पाणी मारत होत्या. मान वर न करताच विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी मी ओरडले ते तुम्हालाही ऐकू आलं होतं का?"

खोटं बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. त्यांनी मान हलवली, बाही सरळ केली, आणि कॉलर इस्त्रीखाली घेतली.