ईरम्माचं चोरलेलं वय

ईरम्माला कुणी ऐंशीची म्हटलं की ती भडकायची, आणि त्यात बायकी नखरा अजिबात नव्हता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फाल्गुनात तिच्या बहिणीचा मुलगा सोमलिंग हौसेला पेटला. नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान. शेजाऱ्याच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन बघून आल्यापासून त्याला मावशीलाही ऐंशी दिव्यांनी ओवाळायचं होतं. जेवताना त्यानं पत्रिका छापायचा विषय काढला, तशी ईरम्मा भरल्या ताटावरून उठली.

कारण लष्कराच्या कागदावर ती चौऱ्याहत्तरचीच होती. बेचाळीस साली लढाईसाठी नर्सबायांची भरती निघाली, तेव्हा ती मिशनच्या दवाखान्यात कामाला होती. लहानपणीच विधवा झालेली, मूल ना बाळ. त्यांना हव्या होत्या चाळिशीच्या आतल्या, आणि ही चव्वेचाळीसची. हिनं बेधडक अडतीस सांगितलं. आसामातल्या तंबूंच्या इस्पितळात तीन वर्षं पोरांच्या जखमा धुतल्या, गेलेल्यांचे डोळे मिटले, आणि पदक घेऊन सोलापूरला परतली. ते खोटं मात्र पोटात तसंच राहिलं. पत्रिकेत ऐंशी छापलं आणि वरच्या कुणी वाचलं तर पदक काढून नेतील, ही तिची धास्ती. इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? पण हे तिला सांगायची छाती कुणाची होती!

चार दिवस कुढून शेवटी ती पदक रुमालात बांधून माजी सैनिकांच्या कचेरीत गेली. साहेब पन्नाशीचे, पिकल्या मिशांचे. तिनं उभ्यानंच सांगून टाकलं, "सायेब, मी वय चोरलं. सहा वर्सं. पदक न्यायचं तर न्या."

साहेबांनी पदक उलटसुलट पाहिलं. उठून दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "मावशी, मी तीन वर्षं वाढवून सांगितली होती. पंधरा वर्षांचा होतो."

पदक त्यांनी परत रुमालात बांधलं. ईरम्माचं तिकडे लक्षच नव्हतं. तापात आईला हाका मारणारी तंबूतली पोरं तिला आठवली. त्यातली किती पंधराची असतील, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचा जीव कळवळला.

"आईला सांगून गेलतास का रं?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. पळून गेले होते. परत आले तेव्हा आई राहिली नव्हती.

ईरम्मा टेबलाला वळसा घालून गेली आणि साहेबांच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली.

"सोमवारी घरला जेवायला ये," ती म्हणाली. "मला ऐंशी पुरी हुत्यात."