कोळशाची गाडी आणि लोर्नाचं फाटक

आर्विन हौगनला गावात रुळांचा वैद्य म्हणत. या वैद्याला औषध मात्र कधी कुणी दिलं नाही. साउथ डकोटाच्या पश्चिमेला, गव्हाच्या कोठारांना जोडत जाणाऱ्या एका लहानशा मालगाडीच्या कंपनीत तो मिसरूड फुटायच्या वयात गँगमन म्हणून लागला आणि आता साठी जवळ आली तेव्हा मुकादम झाला होता. रुळांखालचे कुजलेले लाकडी स्लीपर, झिजलेले रूळ, पावसाने खचणारी माती. एका जागी ठिगळ लावावं तर दुसरीकडे उसवायचं. गाडी इतकी रेंगाळत जायची की लोक कॅफेत त्याला हमखास विचारायचे, "काय आर्विन, आज आलेला गहू यंदाचा की आजोबांच्या वेळचा?" तो हसायचा. पण आपण जन्मभर ज्या गोष्टीची निगा राखली तिची रोज टिंगल होते, हे त्याला लागायचंच.

म्हणून कंपनीने कोळसा वाहण्याची घोषणा केली तेव्हा हा माणूस स्टेशनात सगळ्यांसमोर आनंदाने रडला. वायोमिंगच्या खाणींपर्यंत नवा मार्ग टाकायचा, जुना सगळा उखडून जाड रूळ बसवायचे, शंभरावर डब्यांच्या गाड्या रात्रंदिवस पळवायच्या. साहेबाने भिंतीवर नकाशा लावला होता. आर्विन डोळे पुसत जवळ गेला आणि त्याने लाल रेघेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं ते लोर्नाच्या कुरणात.

लोर्ना त्याची मोठी बहीण. आर्विनने रेल्वे धरली, वडिलांची गुरं लोर्नाने सांभाळली, म्हणून रँच, म्हणजे घर, कुरण आणि गुरं, तिच्याकडे आली. त्यावरून भावाबहिणीत कधी वाकडा शब्द गेला नव्हता. नवरा गेल्यावरही ती एकटीने सगळं ओढत होती. लाल रेघ तिचं घर आणि गुरांचं तळं यांच्या बरोबर मधून जात होती.

"माझ्या गाईंनी पाण्याला जायचं कसं? तिकीट काढून?" तिने विचारलं.

"खालून गुरांसाठी बोगदा देणार आहेत."

"तू गाय असतास तर गेला असतास त्या अंधारात? आणि उन्हाळ्यात चाकाची ठिणगी पडून गवत पेटलं की विझवायला कोण, तुझा साहेब?"

"लोर्ना, हे झालं नाही तर आमची लाइन बंद पडेल. गहू ट्रकने न्यावा लागेल. गाव बसेल गं."

"आणि झालं तर मी बसेन. निवड तू कर."

त्याला निवड करता येईना. आसपासच्या रँचवाल्यांनी चर्चच्या हॉलमध्ये बसून ठरवलं की कंपनीच्या मोजणीवाल्यांना कुणीही आत घ्यायचं नाही. कंपनी कोर्टात गेली, मोजणीपुरती परवानगी घेऊन आली. साहेबाने आर्विनला बरोबर जायला सांगितलं. तो कबूल झाला. मोजणीवाली शहरातली पोरं, त्यांना गुरांचं काय कळतंय. आपण सोबत असलो तर निदान नासधूस होणार नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. लोर्नाला मात्र त्याने हे सांगितलं नाही. तिथेच त्याचं चुकलं, असं मला वाटतं. ज्या कामाला निघताना आपल्या माणसाला सांगवत नाही, त्या कामाला पायच का उचलावा?

तर त्या गुरुवारी मोजणीवाल्यांची गाडी पुढे गेली आणि मागून आर्विन कंपनीचा ट्रक घेऊन निघाला. शेजारी डेल शूमाकरच्या कुरणातून लोर्नाच्या कुरणात शिरायला तारेचं फाटक आहे. आर्विन तिथे पोचला तेव्हा पुढची गाडी टेकाडाआड गेली होती आणि फाटक उघडं होतं. या मुलखात पोराला चालायला आलं की पहिली शिकवण हीच, की फाटक जसं दिसेल तसं सोडायचं. बंद असेल तर बंद करून जा, उघडं असेल तर हात लावू नको. मालकाने गुरं पाण्यावर जावीत म्हणून ठेवलं असेल. लोर्नानेच उघडं ठेवलंय असं समजून आर्विन पुढे गेला. काम आटोपून ते सगळे पलीकडच्या रस्त्याने बाहेर पडले.

शनिवारी लोर्नाकडे वासरांची डागणी होती, म्हणजे तापल्या लोखंडाने त्यांच्या अंगावर मालकाची खूण उमटवायचं काम. बोलावणं कुणालाच नसतं. शेजारीपाजारी आपापले घोडे घेऊन येतात, दुपारपर्यंत राबतात, मग जेवतात. वडिलांचा डागाचा लोखंडी शिक्का दर वर्षी आर्विनच्या हातात असायचा. तो नेहमीप्रमाणे आला, पण सगळ्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. कुंपणापाशी डेल तणतणत होता.

"माझा पांढरा धिप्पाड वळू दोन दिवस हिच्या कालवडींत! त्या हाडाची वासरं या कोवळ्या पोरींच्या पोटी? पुढच्या वसंतात अडतील, मरतील. त्या शहरी गाढवांनी फाटक सताड उघडं टाकलं!"

आर्विनला गुरुवारचं ते उघडं फाटक आठवलं. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. सगळा राग मोजणीवाल्यांवरच होता. पण तो असा माणूस नव्हता.

"फाटकातून सगळ्यात शेवटी मी गेलो होतो," तो म्हणाला. "मला उघडं दिसलं. तसंच सोडलं."

डेलचा राग ओसरला. यात दोष कुणाचा धरणार? पुढच्या पोरांना वाटलं, मागचा लावेल. मागच्याने रिवाज पाळला. तिथल्या कुणीही तेच केलं असतं.

लोर्ना विस्तवात लोखंड सारत होती. तिने वर न बघता विचारलं, "गेलास कशात बसून?"

"काय?"

"गाडी कुणाची होती, आर्वी?"

"कंपनीची."

"हं." तिने शिक्का बाहेर काढला, रंग बघितला आणि तो डेलच्या हातात दिला. मग ती घरात गेली आणि ताट वाढून घेऊन आली. भाजलेलं मांस, घेवडा, पाव, वर रुबार्बच्या गोड पेस्ट्रीचा तुकडा. अजून एकाही वासराला डाग बसला नव्हता. कामाआधी तिथे फक्त परक्या पाहुण्याला वाढतात. बँकेच्या माणसाला, नव्या पाद्र्याला.

"बस. खाऊन घे," ती म्हणाली. आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"लोर्ना, मी धरतो ना वासरं..."

"पाहुण्यांना कामाला लावत नाही आम्ही."

तो ओट्यावर बसला. वासरं हंबरत होती, जळलेल्या केसांचा वास येत होता. त्याने घास घशाखाली ढकलले, कारण ताट टाकणं तर आणखीच वाईट दिसलं असतं. लाइन वाचेल, नवे रूळ येतील, त्यांची निगा कदाचित तोच राखेल. त्या जेवणात त्याला याचा कणभरही आनंद होईना.

निघताना त्याने आवाराच्या फाटकातून गाडी बाहेर काढली आणि आयुष्यभराच्या सवयीने ते लावायला खाली उतरला. लोर्ना मागोमाग चालत आली होती. त्याच्या हातातून तिने फाटक अडकवायचा तारेचा फास काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "आमचं फाटक आम्ही लावतो."