हळदीचा वायदा

बाळासोच्या घराण्यात मेंढरांशिवाय दुसरा धंदा कुणी केला नव्हता. तो आटपाडीकडून सांगलीला आला, मार्केट यार्डात हळदीची पोती शिवता शिवता माल पारखायला शिकला आणि चाळिशीत स्वतःची पेढी टाकून बसला. मधे एका साली भाव असा कोसळला, की पेढी बुडता बुडता वाचली. तो धसका त्याच्या मनातून गेला नाही.

वायदे बाजाराचा दलाल देवदत्त म्हणाला, "गोदामातली हळद राहू द्या. तेवढ्याच हळदीचा वायदा विकून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनंतरचा भाव आजच बांधला जाईल. भाव पडला, तर गोदामात जाईल तेवढं वायद्यात मिळेल."

"आन वाढला तर?"

"वायद्यात तोटा, गोदामात नफा. फिट्टंफाट! फक्त तोट्याची रक्कम रोजच्या रोज रोख भरायची."

हे शेवटचं बाळासोनं ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. भाव वाढणं वाईट कसं असेल?

भाव वाढत गेला. रोज संध्याकाळी देवदत्तचा फोन यायचा आणि बाळासो दुसऱ्या दुपारपर्यंत पैसे भरायचा. शिल्लक संपली, मग बायकोचे, पल्लवीचे, दागिने गेले. गोदामातला माल सोन्याचा झाला होता, पण तो बँकेकडे तारण. माल घ्यायला काढलेलं कर्ज फेडल्याशिवाय पोतं हलत नव्हतं.

शेवटी तो आईकडे गेला. तानुबाई मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, वाघरीजवळ, बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "भाव वाढला, तरी पैसं आपुनच भरायचं?"

"थोडं दिस, आये. भाव उतरला की समदं परत येतंय."

"आन न्हाई उतरला तर?"

शनिवारच्या बाजारात तानुबाईनं सगळा कळप विकला. गिऱ्हाईक दात बघत असताना एकेक मेंढरू तिनं स्वतः धरून दिलं.

तो पैसा आठवडाभरही पुरला नाही. एका दुपारी भरणा झाला नाही आणि देवदत्तच्या कचेरीनं सौदा परस्पर कापला, त्या दिवशीच्या चढ्या भावानं वायदा मिटवून टाकला. तोटा कायमचा झाला.

त्यानंतर नवा माल बाजारात उतरला आणि भाव धाडकन खाली आला. बाळासो म्हणत होता, अगदी तसाच. पण आता वायदा नव्हता. नुसती हळद होती आणि तिचा भाव रोज पडत होता. बँकेनं ती काढून विकली.

"तुमचा अंदाज चुकला नव्हता हो," देवदत्त चाचरत म्हणाला.

"व्हय," बाळासो म्हणाला. "पैसं आदी संपलं."

पेढीची पाटी उतरली. आता तो दुसऱ्याच्या गोदामात वजनकाट्यावर उभा असतो. तानुबाईला त्यानं सांगलीच्या खोलीत आणलं. तिनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. पहाटे उठायची, चपला घालायची आणि कुठं जायचं ते न सुचून दारातच बसून राहायची. पल्लवी चहा घेऊन यायची, तो तसाच गार व्हायचा.

श्रावणात तानुबाई गेली. यार्डातल्या चार हमालांनी आणि बाळासोनं तिला कृष्णेकाठी पोचवलं.