भिंतीवरचं पाणी

शमीमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी उंब्रजच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. "आपा गेली," एवढंच म्हणाला. मी तिच्या गावी, आष्ट्याला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं तिला फार छळलं, पण शेवटच्या भेटीतही ती मला म्हणाली होती, "मोजपट्टी धरायला दुसरं कुणी बघ गं, तुझा हात हलतो आता." माझा हात हलतो म्हणे… स्वतःला धड उठून बसवत नव्हतं, आणि जीभ मात्र तशीच तिखट.

सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. भूगोल दोघींचा. मी मास्तरीण झाले, ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत गेली. पाऊस कसा लहरी होत चाललाय, महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळला की नदी कुठवर चढते, हे तिचं काम. लोकांना ते कधी कळलं नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस हमखास विचारायचा, "बाई, औंदा पाऊस कसा हाय?" ती म्हणायची, "मला मागचा इचारा. फुडचा मला बी ठावं न्हाई." पाण्याची नोंद असायची ती पुलाजवळची. गावात पाणी किती चढलं हे घरांच्या भिंतीच सांगायच्या. पूर ओसरला की गाळाची एक तपकिरी रेघ मागं राहते, ती मोजायची. सुट्टीत मी तिच्या स्कूटरवर मागे पट्टी धरून बसायचे आणि कृष्णाकाठची गावं आम्ही पालथी घालायचो. तिचं वैर एकाच गोष्टीशी, चुन्याशी. दिवाळी आली की लोक भिंती रंगवणार आणि रेघा जाणार, म्हणून नुसती धावाधाव.

अशाच एका गावात आम्ही पोचलो तर चुन्याची बादली दारात. घरातल्या मावशींनी आम्हाला उंबऱ्यातच अडवलं. "आवं, ऐतवारी पावणं यायचं हायती पोरीला बघाय. मागल्या खेपंला भितीवरची रेघ बघून उठून गेली मानसं. पाण्यातलं घर, म्हनली. आता तुमी लिवून न्या, म्हंजी गावभर." आत त्यांची मुलगी अश्विनी मान खाली घालून उभी होती. डी.एड. झालेली, चुणचुणीत पोरगी. मी मनात म्हटलं, गेली ही रेघ. शमीम पायरीवर बसली, पाणी मागून प्यायली आणि म्हणाली, "मावशी, कुनाच्या घराची रेघ ती, हे माझ्या तोंडातनं कवाच जायाचं न्हाई. मोजू द्या, मग मीच पुसते." आणि खरंच, मोजून झाल्यावर पदर खोचून तिनं स्वतः ती भिंत रंगवली. चांगले दोन हात दिले. परतताना केसांत चुना होता तिच्या, आणि मला हसू आवरत नव्हतं.

जमलं ते लग्न. पत्रिका आली तेव्हा शमीम ती वाचून बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. लग्नाला आम्ही दोघीही गेलो. तिथं तिनं अश्विनीला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर म्हणाली, "सासरी कसं राहायचं ते सांगितलं." मी चिडलेच. स्वतः लग्न केलं नाही आणि दुसऱ्यांच्या पोरींना सासर शिकवते!

शमीमच्या चाळिसाव्याला अश्विनी आष्ट्याला आली. पदरानं डोळे पुसत माझ्याजवळ बसली आणि सांगू लागली. "बाई, लग्नात आपा मला म्हनल्या, तुजी ट्रंक त्या घरात माळ्यावर ठेव, का ते इचारू नगं. मला वाटलं, उंदरांसाठी म्हनत असतील. फुडच्या पुरात आमच्या घरात छातीच्या वर पानी. सासूबाई रडत म्हनल्या, मागल्या बारीला बी एवढंच हुतं, तुमी घर बघाय यायच्या आदी चुना मारला आमी. माझी सगळी सर्टिफिकिटं वर कोरडी ऱ्हायली. त्यावरच नोकरी लागली मला."

म्हणजे मी बरोबर नसताना शमीमनं ते सासरचं घर आधीच मोजलं होतं… दोन्हीकडच्यांनी आपापली रेघ पुसून सोयरीक केली, आणि दोन्ही रेघा एकट्या शमीमच्या पोटात! अश्विनीनं तिला नंतर जाब विचारला होता. "म्हनलं, आपा, तुमाला ठावं हुतं तर आदी का न्हाई सांगितलं? त्या म्हनल्या, तुमच्या घराचं त्यास्नी सांगितलं न्हाई गं, मग त्यांच्या घराचं तुमाला कसं सांगू?" शमीम बरोबर वागली का, हे मला अजून ठरवता येत नाही. मी असते तर सांगून टाकलं असतं. पण पत्रिका हातात घेऊन गप्प बसलेली ती आठवते, आणि त्या दिवशी तिला काय झालंय हे मी नीट विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात अश्विनीच्या घरी जाऊन आले. भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. इतकी वर्षं पट्टी धरूनही पाणी कुठवर आलं होतं ते मला ओळखता येईना. वर माळ्यावर निळी ट्रंक होती. चहा पिता पिता मी म्हटलं, "अगं, नोकरी लागली, आता ती खाली तरी घे. दरवेळी शिडी लावतेस."

"आपांनी वर ठेव म्हनून सांगितलं हुतं, बाई," ती म्हणाली. "आता खाली घे म्हनायला त्या न्हाईत."