शेंदराखालचं क्रोम

गेल्या रविवारी कोरेगाव भीमाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, माझं भाषण मध्येच बंद पडलं. इतक्या वर्षांत माईक गेले, वीज गेली, एकदा तर दगडही आले... पण भाषण थांबलं नव्हतं. रविवारी थांबलं.

निमित्त गाडीचं. माझे सासरे दौंडचे. त्यांची साठच्या दशकातली मोटार त्यांच्या माघारी सुमनकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आली आणि शिरूरला आमच्या दारात उभी राहिली. इंजिन अजून ठणठणीत. पण दारांची हँडलं, मागच्या लाइटच्या रिंगा, बॉनेटवरचं पाखरू... सगळ्या क्रोमवर बारीक बारीक खड्डे. देवीचे व्रण असावेत तसे.

सुमन दर दसऱ्याला वडिलांसारखीच गाडीची पूजा करायची. बंपरला लिंबू-मिरची, पाखराच्या डोक्यावर तेलात कालवलेला शेंदूर. आणि मी? अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव घसा फोडणारा माणूस! मागच्या वर्षी पाटसच्या सभेत मी गरजलो, "लिंबाच्या आम्लानं आमच्याच दारातली गाडी खाल्ली... आणि ते बांधणारी माझीच बायको!"

सभा खळखळून हसली. सुमन तिसऱ्या रांगेत बसली होती.

त्या दिवसापासून ती गाडीत बसली नाही. पूजाही बंद. माहेरी जायचं तर एसटीनं. वडिलांची गाडी दारात आणि लेक स्टँडवर... भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती भांडलीच नाही.

मला वाटलं, गाडी पूर्वीसारखी चमकवून दिली की राग जाईल. म्हणून क्रोमचे सगळे भाग काढले, पोत्यात भरले आणि कोरेगाव भीमाला बिरूमामांकडे गेलो. मामांचं आयुष्य कारखान्यांत प्लेटिंग करण्यात, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्यात गेलं. आता त्यांनी स्वतःची शेड टाकलीय.

मामांनी एक हँडल नखानं खरवडलं. "सर, ह्ये जस्ताचं ओतीव हाय. आधी खड्डं कोरायचं, तांब्यानं भरायचं, घासायचं, परत तांबं, मग निकल. क्रोम लई शेवटी. क्रोम म्हंजी नुस्ता पापुद्रा. खालचं खराब आसंल तर त्यो काय बी झाकत न्हाई."

काय वाक्य! मला आयुष्यभर व्यासपीठावर असं सुचलं नाही. मग मला चेव आला. लिंबाचं आम्ल, लोकांचं अज्ञान, डोळे झाकून पाळलेल्या रूढी... मी बोलत सुटलो. मामा रॉकेलच्या बोळ्यानं पाखरू पुसत होते. वर्षानुवर्षांचा शेंदूर थराथरानं निघत होता.

"सर, जरा दम घ्या. मागच्या लाइटला कोण लिंबू बांधतं व्हय?"

मी थांबलो. मामांनी पाखरू माझ्यासमोर धरलं. पंखांवर खड्डेच खड्डे. पण शेंदूर होता तेवढ्या जागी एकही डाग नाही. आरसाच. त्यात माझा चेहरा दिसला... तोंड अजून उघडंच होतं.

"बंपरचा यखादा कोपरा खाल्ला आसंल लिंबानं. पर ह्या समद्या गाडीला आंबटाचा मार बसलाय. घासता कशानं?"

"चिंच आणि मिठानं," मी म्हणालो. "दर रविवारी. मी स्वतः."

हो, स्वतः. श्रमप्रतिष्ठेवर बोलणाऱ्यानं आपली गाडी आपणच धुवावी, हे माझं तत्त्व. लहानपणी आईला पितळ लखलखीत करताना पाहिलं होतं, तेच क्रोमला लावलं. शेंदराला मात्र हात लावायची छाती नव्हती. घरात महाभारत झालं असतं, म्हणून तेवढी जागा सोडत आलो.

मामांना हसता हसता ठसका लागला. "देवाची भांडी हायत व्हय ती? आन् बोल वैनीस्नी!"

मी शेवटचा प्रयत्न केला. "मामा, ते वाचलं तेलामुळे. पाणी लागलं नाही, हवा लागली नाही. यात देवाचा काही संबंध नाही."

"म्या कुठं देवाचं नाव घेतलं? तेल कुणी लावलं, त्येवढंच इचारतोय."

मी रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं.

घरी आलो. सुमन मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, चिंचेसकट. मनापासून माफी मागितली. तिनं जुडी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "आरोप माईकवर केलात. माफी स्वयंपाकघरात?"

मोठमोठ्या विरोधकांनी मला इतक्या कमी शब्दांत गार केलं नव्हतं.

गुरुवारी पुन्हा पाटसलाच व्याख्यान होतं. विषय वेगळा होता, पण सुरुवात मी या गोष्टीनं केली. गेल्या वर्षी याच जागेवरून मी बायकोवर खोटा आळ घेतला, गाडी मी खाल्ली, हे नावानिशी सांगितलं. सभा मागच्या वेळेपेक्षा जास्त हसली... या वेळी माझ्यावर. पार मागे, दाराशी उभी राहून सुमनही हसत होती.

माझं मत बदललेलं नाही. लिंबानं अपघात टळत नाही, हे मी उद्याही ओरडून सांगणार. पण पुरावा हातात नसताना फेकलेला शब्द, तो कितीही पुरोगामी असो, शेवटी आंधळाच. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, रॉकेलच्या बोळ्यानं शिकवलं. बिरूमामांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

काल सकाळी सुमन दौंडला निघाली. पिशवी घेऊन अंगणात आली आणि स्टँडची वाट न धरता गाडीपाशी थांबली. हँडलं अजून मामांच्या टाकीत, त्यामुळे दार बाहेरून उघडेना. मी कसाबसा उघड्या खिडकीतून हात घालून माझ्या बाजूनं आत शिरलो, आडवा झालो आणि तिच्या बाजूचं दार आतून उघडून दिलं.

वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत ती एकटीच बोलत होती... आणि मी, कधी नव्हे ते, ऐकत होतो.