यादिराचं न वाचलेलं पान

व्हर्ना स्टकी आमच्या शाळेत चौथीला लिहायला शिकवायची. पश्चिम टेक्सासमधलं आमचं कापसाचं गाव. मीही तिथेच शिक्षिका, तिच्या वर्गाला लागूनच माझा वर्ग. मार्चमध्ये राज्याची परीक्षा असायची. एक विषय, एक पान, सव्वीस ओळी.

"अख्खा दिवस सांगत बसू नका," व्हर्ना मुलांना बजावायची. "दहा मिनिटं सांगा, पण नीट सांगा."

तिच्या वर्गातली यादिरा मात्र तीन ओळींवर अडायची. आजीकडे गेलो. मजा आली. परत आलो. तिचे वडील जिनिंगच्या कारखान्यात कामाला होते. आई दोन वर्षांपूर्वी माहेरी, सीमेपलीकडच्या ओहिनागा गावाला गेली, ती परत यायच्या कागदपत्रांपायी तिकडेच अडकली.

एकदा शाळा सुटल्यावर व्हर्नानं तिला थांबवलं.

"लिहू नकोस, नुसतं सांग. आई निघाली तेव्हा तू कुठे होतीस?"

"मागच्या पायरीवर, मिस."

"पायात काय होतं?"

"एक मोजा."

"एकच? दुसरा काय कुत्र्यानं खाल्ला?"

यादिरा हसली. मग हळूच म्हणाली, "आईच्या हातात होता. ती मला घालणार, तेवढ्यात गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मोजा तिच्याबरोबरच गेला."

"हेच लिही."

"हे चालतं परीक्षेत?"

"चालतं काय, धावतं!"

परीक्षेत विषय आला, कुणाची तरी वाट पाहिली तो प्रसंग. यादिरा लिहीत होती, खोडत होती, घंटा होईपर्यंत मान वर केली नाही. शिक्षकांनी वाचायचं नाही, असा नियम. व्हर्ना तिच्या बाकाजवळून छताकडे बघत गेली. पानं खोक्यात गेली, खोकं सील झालं.

मे महिन्यात निकाल आला. यादिराला चारपैकी चार. पण एप्रिलमध्येच बापलेक कॅन्ससला राहायला गेले होते. व्हर्नानं ते पान मागवायला अर्ज केला. फक्त पालकांनाच मिळेल, असं उत्तर आलं. वडिलांना लिहिलेलं पत्र पत्ता न सापडल्यामुळे परत आलं.

त्यानंतर अकरा वर्षं, डबा खाताना मध्येच ती घास हातात धरून थांबायची. "काय लिहिलं असेल गं तिनं?"

मी तिचा डबा तिच्यापुढे सरकवायचे.

मागच्या शरद ऋतूत मी तिच्याबरोबर लबक शहरात तिचा चष्मा करायला गेले. काउंटरमागची मुलगी ओरडली, "मिस स्टकी!" आणि बाहेर येऊन गळ्यातच पडली. यादिरा.

व्हर्नानं कशी आहेस हेसुद्धा विचारलं नाही. "त्या परीक्षेत काय लिहिलं होतंस?"

"कुठल्या, मिस?" यादिरानं बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही हो आठवत. तुम्ही मला शुक्रवारी घरचे पीच द्यायचात, ते आठवतं."

"आणि आई?"

"आली ना! मी सहावीत असताना. आता रोज ओरडते माझ्यावर."

गाडीत बसल्यावर व्हर्नानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आली गं तिची आई," ती म्हणाली. "तरी एकदा वाचायला मिळायला हवं होतं."